घरची रीत, शाळेची रीत: मुलांची पार्श्वभूमी आणि शिकणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक आणि डी.एल.एड.-बी.एड. करणारे विद्यार्थी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक मुद्दा दुसऱ्यात शिरतो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सांस्कृतिक पार्श्वभूमी म्हणजे सण, पोशाख, खाणंपिणं हेच ना? त्याचा अभ्यासाशी काय संबंध?

सण-पोशाख हा वरून दिसणारा भाग. शिकण्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी इतक्या साध्या असतात की त्या नजरेतून सुटतात. घरातली मोठी माणसं मुलाशी किती बोलतात आणि कशाबद्दल? मूल मोठ्यांच्या कामात लुडबुडत असतं, की त्याला खेळणी देऊन बाजूला बसवतात? चूक झाली की हसतात, ओरडतात, की काही न बोलता पुन्हा करून दाखवतात? मोठ्यांना उलट प्रश्न विचारलेला खपतो का? गोष्टी पुस्तकातून वाचल्या जातात, की रात्री अंथरुणावर सांगितल्या जातात? सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा या सगळ्याचा हजारो तासांचा सराव त्याच्या गाठीशी असतो. या पानावर पार्श्वभूमी हा शब्द मुख्यतः त्या सरावासाठी वापरला आहे. पैसा आणि जात यांचं काय, ते प्रश्न १३ आणि १४ मध्ये.

२. म्हणजे काही समाजांतली माणसं तर्कात कमी पडतात, असं म्हणायचंय का?

नाही. पण हा समज कुठून आला ते बघण्यासारखं आहे.

अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्याने कोडी घातली. दूर उत्तरेला बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात; नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे; तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? बऱ्याच जणांनी उत्तर देण्याचंच नाकारलं. मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल काय बोलणार, असा त्यांचा सूर होता. या माणसांना अमूर्त विचार जमत नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. मला मात्र ही उत्तरं फार शहाणपणाची वाटतात. अनोळखी माणूस येऊन सांगतो म्हणून एखादी गोष्ट खरी धरून चालायची, ही शाळेतली सवय आहे. ती नसलेल्या माणसाने तर्क केला नाही असं नाही. त्याने गृहीतकच स्वीकारलं नाही.

पुढे १९६० च्या दशकात मायकेल कोल आणि त्यांचे सहकारी लायबेरियातल्या क्पेले लोकांबरोबर काम करत होते. अवजारं, भांडी, कपडे, खाण्याच्या वस्तू समोर ठेवून, जे एकत्र शोभतं ते एकत्र ठेवा, असं सांगितलं. लोकांनी सुरीबरोबर फळ ठेवलं, कारण फळ सुरीने कापतात. शहाणा माणूस असंच करेल, असंही वर सांगितलं. शेवटी संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करेल? तेव्हा त्यांनी झटक्यात अवजारं अवजारांत आणि खाणं खाण्यात लावून दाखवलं. म्हणजे शाळेला हवं असलेलं वर्गीकरण त्यांना येत होतं, फक्त ते शहाणपणाचं वाटत नव्हतं. याच लोकांना ढिगातला तांदूळ किती मापं भरेल याचा अंदाज अमेरिकी लोकांपेक्षा चांगला बांधता येत होता.

आपल्या वर्गात हे रोज घडतं. रामूकडे ७ पेरू आहेत म्हटल्यावर एखादं पोर विचारतं, कुठला रामू? आपण त्याला गप्प करतो.

३. पाड्यावरून येणारी मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. घरी मात्र भरपूर बोलतात म्हणे. मग इथे काय होतं?

बहुतेक वेळा इथली बोलण्याची रीत त्यांच्या ओळखीची नसते. शिक्षक एकेकाला उभं करणार, सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार, चुकलं तर सगळ्यांसमोर चुकलं म्हणणार. ज्या घरांत माणूस आधी बाजूला उभं राहून बघतो, एकटा असताना हात चालवून पाहतो आणि जमायला लागल्यावरच चारचौघांत करतो, तिथल्या मुलाला ही रीत उलटी वाटते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी वसाहतीत सुझन फिलिप्स यांनी १९७० च्या सुमारास हेच नोंदवलं. सगळ्या वर्गासमोर बोलायची वेळ आली की तिथली मुलं गप्प, आणि गटात काम दिलं की तीच मुलं गोऱ्या मुलांपेक्षा जास्त बोलत होती.

आणि गप्प मूल बघत असतं, हे विसरू नका. बार्बरा रोगॉफ आणि मारिसेला कोरेया-चावेझ यांनी ग्वाटेमालातल्या माया मुलांबरोबर एक प्रयोग केला. एका भावंडाला खेळणं कसं बनवायचं ते शिकवत होते आणि दुसऱ्याला नुसतं शेजारी बसवलं होतं. नंतर अचानक त्या दुसऱ्यालाच ते खेळणं बनवायला दिलं. जुन्या रीतीने वाढलेल्या माया मुलांनी, आपल्याला कुणी शिकवत नसतानाही, नीट लक्ष दिलेलं होतं. अमेरिकी मध्यमवर्गीय मुलं मात्र आपला नंबर येईपर्यंत इकडेतिकडे बघत होती.

वर्गात करून बघण्याजोगी गोष्ट: हात वर करायला लावण्याआधी दोन-तीन जणांत बोलू द्या आणि उत्तर गटाचं म्हणून घ्या. महिना-दोन महिन्यांत फरक दिसतो. दिसला नाही तर प्रश्न ८ आणि १७ वाचा.

४. साधा प्रश्न विचारला, हा कुठला रंग आहे, तरी मूल माझ्या तोंडाकडे बघतं. रंग माहीत नाही का त्याला?

रंग माहीत असतो. तुम्हाला दिसत असताना तुम्ही का विचारताय, हे त्याला कळत नाही. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊकच आहे असा प्रश्न काही घरांत सारखा विचारला जातो (बाळा, काऊ कुठंय? चिऊ कुठंय?) आणि काही घरांत जवळजवळ कधीच नाही. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॅरोलायना भागात वर्षानुवर्षं राहून हे टिपलं. तिथल्या एका कृष्णवर्णीय कामगार वस्तीत मुलांना विचारत, हे कशासारखं दिसतं? काय झालं ते सांग. हे काय आहे, असं मात्र क्वचितच. शाळेतल्या शिक्षकांनी 'कशासारखं दिसतं' या तऱ्हेचे प्रश्न वर्गात आणले आणि तीच मुलं बोलायला लागली. दुसऱ्या तऱ्हेचे प्रश्न पुढे शिकवायचे असतातच, परीक्षा त्यांच्यावरच चालते. पण सुरुवात तिथून नको.

५. आमच्या वर्गातला एक मुलगा आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीवर बसतो. हिशेब चोख. वहीत मात्र वजाबाकी चुकते. हे कसं?

या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात तेरेझिन्या कराहेर, डेव्हिड कराहेर आणि अ‍ॅनालुसिया श्लिमन यांनी १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्यावर विक्री करणारी पाच मुलं, वय ९ ते १५. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. एक नारळ ३५ ला, तर दहाचे किती? बारा वर्षांच्या मुलाने हिशेब केला तो असा: तीनांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, आणि एक, ३५०. दहाने गुणायला शून्य द्यायचं, हे शाळेने शिकवलेलं त्याने वापरलंच नाही. विक्री करताना या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशीच गणितं कागद-पेन्सिल देऊन घातली. शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के बरोबर, नुसत्या आकडेमोडीत ३७ टक्के.

पाचच मुलं होती, हे खरं. पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून जास्त मुलांवरचं काम प्रसिद्ध केलं. चित्र तेच. शिवाय एक नवी बाजू पुढे आली: शाळेत आकडेमोड बरी करणारी, पण बाजारात काम न करणारी मुलं बाजाराच्या हिशेबात अडखळली. म्हणजे दोन्हीकडची मुलं आपापल्या अंगणात हुशार, आणि मधला पूल कुणीच बांधलेला नाही.

तुमच्या मुलाकडे बघायचं तर आधी त्याला तोंडी विचारा. १७ रुपयांची मेथी, ५० ची नोट, किती परत? तो बहुधा १७ वरून वर चढेल: तीन दिले की वीस, मग तीस; म्हणजे तेहतीस. सुट्टे परत करण्याची हीच रीत आहे. फळ्यावरची हातच्याची वजाबाकी एककापासून सुरू होते आणि वेगळ्या वाटेने जाते. त्याची रीत फळ्यावर संख्यारेषा काढून मांडा, सगळ्या वर्गाला दाखवा, मग शेजारी उभी मांडणी करून दोन्हीकडे तेहतीसच का येतात यावर बोला. हे केलं नाही तर तो मुलगा स्वतःला गणितात ढ समजू लागतो, आणि यातलं नुकसान हेच मोठं आहे.

६. मराठीतले अंक मुलांना जड जातात हे खरं, की २०१९ चा वाद उगाच होता?

दोन्ही थोडं थोडं. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', बत्तीसबरोबर 'तीस दोन' असं वाचन आलं. समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. मोठा गदारोळ झाला, विनोद झाले, भाषा बुडाली म्हणूनही ओरड झाली. पण अडचण खरी आहे. त्रेपन्न म्हणताना तीन आधी कानावर पडतात आणि लिहिताना पाच आधी लिहायचे असतात. मूल ३५ लिहितं. एकोणचाळीसमध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे तीस नि नऊ. त्यातही एकोणनव्वद एका नियमाने आणि नव्याण्णव वेगळ्याच. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथली लहान मुलंही लिहिताना अशाच अदलाबदली करतात. चिनी भाषेत अकराला दहा-एक म्हणतात. दहापर्यंत मोजण्यात चिनी आणि अमेरिकी मुलं जवळपास बरोबरीने असतात आणि अकरानंतर अमेरिकी मुलं मागे पडतात, असं तुलनेत दिसलं आहे.

माझं मत: वीस एक हे शिकवण्याचं साधन म्हणून उत्तम, एकवीसला पर्याय म्हणून नको. काड्यांचे गठ्ठे करताना 'पाच दहा आणि तीन सुटे, म्हणजे पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न' असं तिन्ही म्हणायला काय हरकत आहे? मुलाला बाजारात आणि आजीशी बोलताना त्रेपन्नच लागणार आहेत.

७. आमच्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती. आता घोकंपट्टी वाईट म्हणतात. पाठांतर खरंच वाईट?

पाठांतराची आपली परंपरा घोकंपट्टीपेक्षा बरीच अंगाने भरलेली आहे. वेदपाठात तेच शब्द पद, क्रम, जटा, घन अशा वेगवेगळ्या रचनांत म्हणतात. एका पाठातली चूक दुसऱ्यात उघडी पडते. अक्षरओळख नसलेल्या वारकऱ्याला शेकडो अभंग येतात. ते टाळाच्या ठेक्यावर, दिंडीत चारचौघांबरोबर म्हणून येतात, आणि अर्थ कीर्तनात उलगडतो. ठेका, सोबत, चूक सुधारणारं कुणीतरी आणि पुढे कधीतरी अर्थ, इतकं सगळं त्यात असतं. गाइडमधली उत्तरं परीक्षेच्या आदल्या रात्री एकट्याने रटण्यात यातलं काही नाही.

पाढे पाठ असावेत. गुणाकार आपोआप आठवला की डोकं उरलेल्या गणितासाठी मोकळं राहतं, यावर संशोधकांत फारसा वाद नाही. बे एके बे, बे दुणे चार तालात म्हणा, मग लगेच वापरायला द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांचं मात्र वेगळं आहे. रुपयाचे सोळा आणे होते आणि शेर-पायलीची मापं होती, तेव्हा पाव आणि पाऊणचे पाढे रोज लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापं आली आणि त्या पाढ्यांचं काम संपलं. त्यांची हौस असावी, सक्ती नको.

८. घरी कोरकू, माडिया, पावरी किंवा कोलामी बोलणारं मूल मराठी शाळेत आलं तर मराठीत नीट शिकायला त्याला किती काळ लागतो?

खेळण्या-बोलण्यापुरती मराठी दोनेक वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातली, म्हणजे बाष्पीभवन आणि म्हणून-तरी-जरीची मराठी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हा फरक कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांवरच्या अभ्यासातून मांडला आणि तो आपल्याकडे चपखल बसतो. घोटाळा नेमका इथेच होतो: मैदानावर मूल फाडफाड मराठी बोलताना ऐकून शिक्षक समजतात की भाषेचा प्रश्न मिटला. चौथीत ते परिसर अभ्यासात मागे पडलं की दोष बुद्धीवर जातो.

या भाषा मराठीच्या बोली आहेत असं धरून चालू नका. माडिया आणि कोलामी द्रविड कुळातल्या आहेत. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी या तिन्हींचं कुळाचंही नातं नाही. धडगाव-अक्राणीकडची पावरी भिली गटातली असल्यामुळे मराठीला तुलनेने जवळ आहे, तरी सहा वर्षांच्या मुलाला ते अंतर लांबच.

कायदा मुलाच्या बाजूने आहे. राज्यघटनेचं कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्यायला सांगतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ म्हणतो की माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देतं. यात 'शक्य तितकं' या दोन शब्दांच्या आडोशाला बरंच काही राहून जातं.

आणि मराठी लवकर यावी म्हणून पालकांना घरीही मराठीच बोला असं सांगू नका. मोडक्या मराठीत आई दोन वाक्यं बोलेल. तिच्या भाषेत ती तासभर गोष्ट सांगेल. मुलाला त्या तासाची गरज असते.

९. पण माझ्या वर्गात तीन भाषांची मुलं आहेत आणि मला त्यातली एकही येत नाही. मी काय करू?

सगळी भाषा शिकायची गरज नाही. नावं नीट उच्चारा; निम्मं काम तिथे होतं. ये, बस, बघ, पुन्हा सांग, दुखतंय का, भूक लागली का, एवढं प्रत्येक भाषेतून मुलांकडूनच शिका. शिक्षक अडखळताना पाहून मुलांना जो आनंद होतो त्यातून त्यांचीही भीड चेपते. गटात त्यांच्या भाषेत बोलू द्या आणि उत्तर मराठीत सांगू द्या. भिंतीवर वस्तूंची चित्रं लावून खाली तिन्ही भाषांतले शब्द देवनागरीत लिहा. पाड्यावरची एखादी शिकलेली ताई आठवड्यातून दोनदा गोष्ट सांगायला आली तर फार उत्तम, आणि तिला मानधन मिळेल असं बघा. फुकट सेवा फार दिवस टिकत नाही.

१०. मूल व्हतं, पानी, आन् असं बोलतं, लिहितं. प्रत्येक वेळी सुधारायचं का?

बोलताना नाही. मूल काही सांगत असताना पानी नाही पाणी म्हणून अडवलं की ते सांगणंच थांबवतं. लिहिताना, वयानुसार, हो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी ही आणखी एक बोली म्हणून शिकवता येते: घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात. दोन रकाने करा आणि मुलांनाच भरू द्या. त्या निमित्ताने व्याकरणही शिकवून होतं. अशुद्ध हा शब्द मात्र वर्गाबाहेर ठेवा. पुण्यातल्या मुलाचं 'मी केलं नाहीये' खपतं आणि साक्रीच्या मुलाचं बोलणं खटकतं, यामागे व्याकरणापेक्षा मानपान जास्त आहे.

११. आदिवासी मुलं कृतीतून शिकतात आणि शहरी मुलं वाचून. मग त्यांना वेगळ्या पद्धतीने शिकवावं, बरोबर?

नाही. ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून जास्त पसरते. दृश्य, श्राव्य, कृतिशील अशा शिकण्याच्या शैली ठरवून त्याप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकलं जातं, याला पुरावा आहे का, हे २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी तपासलं. मान्य करावा असा पुरावा त्यांना सापडला नाही. हाच साचा माणसाऐवजी अख्ख्या समाजाला लावला तर तो आणखी घातक होतो, कारण मग आदिवासी मुलांना चिकटकाम आणि बाकीच्यांना पुस्तक अशी वाटणी होते.

सराव वेगळा असतो, मेंदू नाही. ज्याला पुस्तकाचा सराव नाही त्याला पुस्तक जास्त द्यायला हवं, ओळखीच्या वाटेने. एकाच पाड्यावरची दोन घरंही सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवा.

१२. आम्ही शाळेत वारली चित्रं काढून घेतो, तारपा नाच बसवतो. एवढं पुरे ना?

गॅदरिंगसाठी पुरे. शिकण्यासाठी नाही.

पालघर जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे केलं त्याची तऱ्हा वेगळी होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात नेली. आजचा अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला. मोठी मुलं गुरं चारायला जातात म्हणून कुरणावर शाळा भरवली, कुरणशाळा. पानं, बिया, शिंपले हे मोजायचं साहित्य झालं. संस्कृती सजावटीत आली नाही, वेळापत्रकात आली. तुमच्या शाळेचं वेळापत्रक, सुट्ट्या आणि गृहपाठ गावच्या कामाच्या हंगामाशी जुळतात का, हे आधी बघा. मग तारपा.

१३. ऊसतोड कामगारांची मुलं मागे पडतात, ती संस्कृतीमुळे की गरिबीमुळे?

गरिबी आणि स्थलांतरामुळे. याला संस्कृतीचं नाव देणं म्हणजे मुकादमाची उचल आणि हंगामी बेकारी यांना संस्कृती म्हणणं. बीड-जालन्याकडचं जोडपं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतं आणि मार्च-एप्रिलला परततं. मूल फडावर कोपीत राहतं, धाकट्याला सांभाळतं. शाळेचं निम्मं वर्ष गेलं. यावर उपाय शिकवण्याच्या पद्धतीत कमी आणि व्यवस्थेत जास्त आहेत: गावातच थांबता यावं म्हणून हंगामी वसतिगृह, कारखान्यापाशी साखरशाळा, आणि एका शाळेतून दुसरीत दाखल होता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक. ते पत्रक मुलाच्या पालकांच्या हातात निघण्याआधी पडलं का, हे मुख्याध्यापकाने बघायचं असतं.

परत आलेल्या मुलाला मात्र रिकाम्या हाताने आलेलं समजू नका. मोळ्या, खेपा, टन, मजुरीतली कपात हे सगळं त्याने ऐकलेलं असतं. पुढचं प्रश्न ५ मध्ये आहे.

१४. यात जात कशाला आणता? वर्गात सगळे सारखेच असतात.

वर्गात सगळे सारखे असतात असं शिक्षकाला वाटतं. मुलांना काय वाटतं ते कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात तपासलं. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात कुठली हे जाहीर नव्हतं, तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींची मुलं बरोबरीची ठरली. मुलांच्या दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर नाव, वडिलांचं नाव आणि जात पुकारून तीच कोडी दिली. तिथे तथाकथित खालच्या जातींच्या मुलांनी सोडवलेली कोडी जवळपास पाव हिश्शाने कमी भरली. तीच कोडी, तशीच डोकी. बदललं फक्त जात पुकारणं.

आता शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला भर वर्गात, कोण कोण एस.सी., हात वर करा, असं म्हणणं कितीतरी शाळांत चालतं. ती यादी कार्यालयात, जनरल रजिस्टरवरून करता येते.

१५. आमच्यात मुलींना सातवीनंतर शिकवत नाहीत, असं पालक म्हणतात. संस्कृतीचा मान राखायचा तर हे ऐकून घ्यायचं का?

नाही. मुलीचा शिकण्याचा हक्क आणि मुलीची घरची रीत या दोन गोष्टींत भांडण आलं तर हक्क वरचढ. चौदा वर्षांपर्यंत तर तो कायद्यानेच आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा विरोधकही परंपरेचंच नाव घेत होते. पण त्याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना शेती, आरोग्य, हिशेब असे रयतेच्या उपयोगाचे विषय प्राथमिक शाळेत मागितले होते. घरच्या जगण्यातून अभ्यासक्रमात काय आणायचं आणि घरच्या कुठल्या रूढीला ठाम नकार द्यायचा, या दोन्हींची निवड त्यांनी केली होती.

व्यवहारात बोलायचं तर आधी नकारामागचं कारण शोधा. अनेकदा ते रूढीपेक्षा लांबची शाळा, बंद झालेली एस.टी. किंवा संडासाची सोय नसणं असतं.

१६. आम्ही परदेशात राहतो. मुलगी हुशार आहे, पण वर्गात भाग घेत नाही, असा शेरा शाळेतून येतो. घरी आम्ही मोठ्यांचं बोलणं तोडू नये असं शिकवलंय. आमचंच चुकलं का?

चुकलं नाही, पण मुलीला दोन ठिकाणचे दोन नियम कुणीतरी उघड सांगायला हवेत. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये शिक्षकाशी असहमत होणं हा उद्धटपणा धरत नाहीत, बऱ्याचदा त्याला गुण असतात. घरी आजोबांचं बोलणं पुरं होऊ द्यायचं, वर्गात हात वर करून मला वेगळं वाटतं म्हणायचं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सहज कळतं. गोंधळ होतो तो कुणी काहीच न सांगितल्यामुळे. जेवताना एखाद्या साध्या विषयावर तिला तुमच्याशी वाद घालू द्या, मराठीतच. शिक्षकांनाही कळवा की ती गप्प असली तरी ऐकत असते (प्रश्न ३).

याच्या उलट अडचण भारतात इंग्रजी माध्यमातल्या, शिकलेल्या घरच्या मुलांची असते. ती फाडफाड बोलतात, म्हणून त्यांना कळलं असं धरलं जातं. त्यांच्या वह्या उघडून बघा.

१७. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला तिसरीतही वाचता येत नाही. ही भाषेची अडचण की अध्ययन अक्षमता? कसं ओळखायचं?

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. भाषेमुळे अडलेल्या मुलाला अक्षम ठरवलं जातं, आणि खरी अक्षमता असलेल्याला 'पाड्यावरचा आहे, येईल हळूहळू' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. दुसरी चूक जास्त क्रूर, कारण ती समजूतदारपणासारखी दिसते.

सुरुवात घरच्या भाषेपासून करा. त्या भाषेत तो पाहिलेली घटना क्रमाने सांगतो का, तीन सूचना लक्षात ठेवतो का, यमक जुळवतो का, शब्दाचा पहिला आवाज सुटा काढतो का? यासाठी भाषा जाणणारं कुणीतरी सोबत लागेल. मोठं भावंडही चालतं. त्याच घरची, त्याच वस्तीतली, तेवढाच काळ शाळेत आलेली मुलं कुठवर पोचलीत, ते बघा. सगळीच मागे असतील तर अडचण शिकवण्यात आहे. हा एकटाच मागे असेल आणि घरच्या भाषेतही आवाजांच्या खेळात अडखळत असेल, तर तपासणीला उशीर करू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. वाहणाऱ्या कानामुळे कमी ऐकू येत असेल तर वाचनही अडू शकतं. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं की सवलतीही मिळतात. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे लेखी नोंद करा. तपासणी करणाऱ्याला मुलाची घरची भाषा कुठली ते अर्जातच लिहून द्या, नाहीतर चाचणी मराठीतून होईल आणि तुम्ही जिथून निघालात तिथेच परत याल.